उजळणी एका दशकाची

श्रोतेहो, रेडिओवर येऊन टीव्हीचं कौतुक करायचं म्हणजे एका घरी जेवून दुसऱ्या घरच्या स्वयंपाकाची तारीफ करण्यासारखं आहे. पण आज मला एका टीव्ही मालिकेविषयीच बोलायचं आहे. तिचं नाव 'द नाइन्टीज', म्हणजे नव्वदीचं दशक. अमेरिकेतल्या सीएनएन या वृत्तवाहिनीनं ही सात भागांची मालिका ९ जुलै २०१७ पासून दाखवली. तिच्या निर्मात्यांमध्ये टॉम हँक्स हे नामवंत अभिनेते आहेत. २०१४ मध्ये याच मंडळींनी साठच्या दशकापासून सुरुवात केली. मग सत्तर, मग ऐंशी, मग नव्वद आणि २०१८ मध्ये त्यापुढचं दशक. आपल्याकडे लहानपणी पाढ्यांची उजळणी करून घेत असत. तशी ही दशकांची उजळणी.

ही मालिका माझ्यापर्यंत पोहोचवली माझ्या भाच्यानं. तो १९९९ पासून अमेरिकेत, न्यू जर्सीत आहे. संगणकातल्या दोन आकडी सालांमुळे सन २००० उजाडताच सगळा हिशेब बिघडणार, अशी धास्ती तेव्हा जगाला पडली होती. ते आकडे दुरुस्त करायला पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं तिकडे गेली. त्यांतलाच हा एक. आमच्या वयात फक्त सात वर्षांचं अंतर. त्यामुळे तो मला मामू म्हणत असला तरी नातं दोस्तीचंच. गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर सोलापूरला आला तेव्हा लॅपटॉप उघडून म्हणाला, "मामू, बसा. तुमची जवानी दाखवतो."

मी म्हटलं, "माझी जवानी सोलापुरात गेली. अमेरिकेवाल्यांकडे तिचा फोटो कसा असेल?"

तो म्हणाला, "बघा तर खरं."

आम्ही रोज रात्री एक भाग असं करत सातही भाग पाहिले. या मालिकेची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात निवेदक नाही. पडद्याआडून कुणी गंभीर आवाजात इतिहास सांगत नाही. त्या काळी प्रत्यक्ष प्रसारित झालेली चित्रं एकामागून एक येतात. मध्येच त्या काळचे पत्रकार, इतिहासकार, कलावंत खुर्चीत बसून दोन-चार वाक्यं बोलतात आणि पुन्हा जुनी चित्रं सुरू होतात. निवेदक नसल्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, हे कुणी सांगत नाही, काळ स्वतःच उलगडतो आहे. खरी गंमत इथेच आहे. सांगणारा असतोच, तो कात्री घेऊन बसलेला असतो. काय ठेवायचं, काय गाळायचं, कशाला कशाशेजारी बसवायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं. कविता लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आम्हीही तेच करतो.

पहिला भाग टीव्हीवरच आहे. 'फ्रेंड्स' या गाजलेल्या मालिकेच्या भागांची नावं ज्या धर्तीवर असत, त्याच धर्तीचं नाव या भागाला दिलं आहे. टीव्हीनं टीव्हीविषयी बोलायचं, म्हणजे घरचंच कार्य. पण त्यात तथ्य आहे, कारण ते दशकच टीव्हीचं होतं.

१७ जानेवारी १९९१ ची पहाट आठवा. आखाती युद्ध सुरू झालं. बगदादमधल्या अल-रशीद हॉटेलात सीएनएनचे तीन पत्रकार होते, बर्नार्ड शॉ, पीटर आर्नेट आणि जॉन हॉलिमन. बॉम्ब पडत असताना ते थेट वर्णन सांगत होते. घरबसल्या दिसणारं पहिलं युद्ध अशी त्याची कीर्ती झाली. मुंबईत ते पाहायला लोक मोठ्या हॉटेलांत जात. मी तेव्हा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमच्या गल्लीत जे काही कळायचं ते रेडिओवरून. पण श्रोतेहो, एक गोष्ट आपल्याला आवडेल. त्या पहिल्या रात्री बगदादहून चित्रं येत नव्हती, फक्त आवाज येत होता. पडद्यावर नकाशे आणि पत्रकारांचे फोटो दाखवत होते. म्हणजे टीव्हीच्या इतिहासातली ती गाजलेली रात्र मुळात रेडिओचीच होती!

चौथ्या इयत्तेतल्या मुलालाही पटेल असा एक प्रश्न मला ही मालिका पाहताना पडला. ज्याचं चित्रण झालं नाही, त्याचं काय? १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत आफ्रिकेतल्या रवांडा देशात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कोयत्यांनी मारलं. त्या हत्यांचं चित्रण अगदी थोडं आहे. त्याच शंभर दिवसांतला एक दिवस म्हणजे १७ जून १९९४. त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी पुढे आणि पोलिसांच्या गाड्या मागे, असा पाठलाग चालू होता. गाडीत होते ओ. जे. सिम्पसन, नावाजलेले फुटबॉलपटू, पत्नीच्या खुनाचा आरोप असलेले. घटस्फोट झालेली पत्नी आणि तिचा मित्र, दोघांचा खून झाला होता. हा पाठलाग सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी पाहिला. वर हेलिकॉप्टर होतं, हेलिकॉप्टरात कॅमेरा होता, म्हणून ती गाडी दशकात आली. रवांडाच्या गावांवर हेलिकॉप्टर नव्हतं.

मी वाचनालयात नोकरीला आहे. १९९२ पासून वर्तमानपत्रांच्या फायली लावणं हे माझं काम. त्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच लागला. काही वर्षांपूर्वी जागा नाही म्हणून आमच्याकडच्या जुन्या बांधीव फायली रद्दीत काढायचं ठरलं. मी अर्ज केला, विनंती केली. शेवटी हातगाडीवर चढलेल्या ढिगातून दोन खंड तेवढे उतरवून घरी आणले. एक सप्टेंबर-ऑक्टोबर १९९३ चा. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, दमलेली माणसं गाढ झोपेत होती. सोलापुरात आमची भांडी मांडणीवरून पडली, आम्ही अंगणात आलो, आणि उजाडल्यावर कळलं की लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं मातीत गेली आहेत. तो खंड मी मुद्दाम निवडला. दुसरा हाताला लागला म्हणून घेतला. तो होता मार्च-एप्रिल १९९५ चा. त्या खंडाकडे मी पुढे येतो.

मालिकेचा एक भाग वंशभेदावर आहे. त्याचं नाव एका माणसाच्या वाक्यावरून ठेवलं आहे. रॉडनी किंग हा कृष्णवर्णीय माणूस. ३ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी त्याला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी बडवलं. समोरच्या इमारतीत राहणारा एक नळकाम करणारा गृहस्थ आवाजानं जागा झाला. त्याच्याकडे नवाच घेतलेला व्हिडिओ कॅमेरा होता. त्यानं बाल्कनीतून ते सगळं टिपलं आणि चित्रफीत स्थानिक वाहिनीला दिली. साऱ्या देशानं ती पाहिली. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीनं चार पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून मोकळं केलं आणि शहर पेटलं. पन्नासहून अधिक माणसं मेली. कोरियन लोकांची दुकानं मोठ्या संख्येनं जळाली. ज्यांचा त्या निकालाशी काहीही संबंध नव्हता, त्यांची. पुढे १९९३ मध्ये दुसऱ्या खटल्यात त्या चारांपैकी दोघांना शिक्षा झाली. पण ते पुढचं.

शहर जळत असताना १ मे रोजी रॉडनी किंग कॅमेऱ्यांसमोर आला. अडखळत, थरथरत बोलला. त्यानं इंग्रजीत जे विचारलं त्याचा अर्थ असा, की आपल्याला सगळ्यांना एकमेकांशी नीट राहता येईल का? मी ते वाक्य त्या वेळी वर्तमानपत्रात वाचलं होतं. नुकता कविता लिहू लागलो होतो, १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा सतरंज्या घालायला मीही होतो, त्यामुळे शब्दांची खोड लागलेली. त्या वाक्याचं मराठी करायला बसलो. 'जमवून घेणं' हा शब्द कोरडा वाटला. 'मिळून राहणं' पुरेसं वाटेना. मग आमच्या शेजारच्या काकू नेहमी वापरायच्या तो शब्द सुचला, गुण्यागोविंदानं नांदणं. बस्स, हाच. किंगला हेच म्हणायचं होतं. एका मार खाल्लेल्या माणसाचं इंग्रजी वाक्य मराठीत आणताना मला गोविंदाची मदत घ्यावी लागली आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. भाषा अशी आपल्याआधीच नांदत असते.

हे मे १९९२ मधलं. त्यानंतर सात महिन्यांनी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत ९०० माणसं गेली, हा श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला आकडा. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ गेली. जानेवारीत माझी थोरली बहीण, आमची आपा, मुलाला घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईहून सोलापूरला आली. मुलगा दहावीत. येताना बाकी काही आणलं नव्हतं, पण गणिताची वही आणि कंपासपेटी बरोबर होती. तोच हा न्यू जर्सीचा भाचा. महिन्यानं परत गेला, परीक्षा दिली, पास झाला. आमच्या घरी त्या दिवसांचं कुणीही चित्रण केलेलं नाही. ती कंपासपेटी कुठल्याही मालिकेत येणार नाही. यायला हवी असंही नाही. अमेरिकनांनी आपलं दशक सांगावं, आपण आपलं सांगावं. फक्त आपण सांगत नाही, एवढीच गोष्ट आहे.

आता तो दुसरा खंड. मालिकेत दहशतवादावरचा भाग सुरू झाला आणि पडद्यावर ओक्लाहोमा सिटीची ती इमारत आली. नऊ मजली सरकारी इमारत, समोरचा अर्धा भाग चाकूनं कापावा तसा गेलेला. १९ एप्रिल १९९५, बुधवार, सकाळचे नऊ. खतापासून बनवलेल्या स्फोटकांनी भरलेला ट्रक समोर उभा करून उडवला होता. १६८ माणसं मेली. इमारतीत पाळणाघर होतं. मेलेल्यांत १९ मुलं होती.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते. मी रात्रीच्या बातम्यांत ऐकलं. पहिल्या तासांतच अमेरिकेतल्या टीव्हीवरचे जाणकार सांगू लागले होते की यात मध्यपूर्वेचा हात दिसतो. दोनच वर्षांपूर्वी, २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला होता, ६ जण मेले होते आणि ते कृत्य इस्लामचं नाव घेणाऱ्यांचं होतं. त्यामुळे संशय आकाशातून पडला नव्हता, हे मान्य. दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रं काठीला लावली. वाचक येत होते, बातमी वाचत होते, वाचून माझ्याकडे बघत होते. कदाचित बघतही नसतील. पण मला तसं वाटत होतं. कोणी काही बोललं नाही. रोजचे एक पेन्शनर गृहस्थ जाताना "काय हो, काय दिवस आलेत" असं म्हणाले, ते नेहमीच म्हणायचे. त्या दिवशी मी त्यांना उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी नमाजला गेलो. लोक हलक्या आवाजात तेच बोलत होते. मी दुआसाठी हात वर केले आणि मनात शब्द आले, या अल्ला, आपल्यातला कुणी नसू दे.

शनिवारी सकाळी बातमी आली. पकडलेल्या माणसाचं नाव टिमोथी मॅकव्हे. अमेरिकन, गोरा, आखाती युद्धात लढलेला आणि पदक मिळवलेला सैनिक. स्फोटानंतर दीडेक तासातच गाडीला मागची नंबरप्लेट नाही म्हणून एका हवालदारानं त्याला सहज अडवलं होतं. दोन दिवस तो कोठडीत होता आणि साऱ्या जगाला संशय दुसऱ्यांचा होता. २००१ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

मी ते वाचलं आणि मला हायसं वाटलं. चहा मागवला. पेन्शनर गृहस्थ आले तेव्हा मी स्वतःहून बोललो. दिवसभर हलकं हलकं वाटत होतं.

श्रोतेहो, तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. १९ लेकरं मेली होती आणि मी चहा मागवला होता. माझी दुआ कबूल झाली होती, पण त्या दुआत त्या मुलांसाठी जागाच नव्हती. घरी येऊन मी तो खंड काढला. २० तारखेचा अंक, २२ तारखेचा अंक. संशयाची बातमी ठळक होती, अटकेची बातमीही ठळक होती. 'आम्ही ज्यांच्याविषयी शंका घेतली ते निर्दोष होते', असं सांगणारी ओळ मला दोन्हीत मिळाली नाही. ती शोधताना माझ्या लक्षात आलं, की मी आजही तीच ओळ शोधतो आहे. मृतांची यादी शोधत नाही.

भाचा हे सगळं पाहत होता. तो म्हणाला, "मामू, ११ सप्टेंबर आठवतं?"

२००१ ची ती गोष्ट. आपा तेव्हा आमच्याकडेच होती. न्यूयॉर्कच्या बातम्या सुरू झाल्या, न्यू जर्सी पलीकडच्या काठाला, आणि फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी टेलिफोन बूथवर तासभर उभं राहिल्यावर लागला. आधी आपानं घेतला. तिनं विचारलं, "जेवलास का?" दोनच शब्द, मग रडू लागली. मग फोन मी घेतला.

भाचा म्हणाला, "तुम्ही काय विचारलंत, आठवतं का?"

मला आठवत होतं. मी विचारलं होतं, "कोण आहेत रे ते? कळलं का?"

त्या वेळी माझी दुआ कबूल झाली नव्हती. पुढची कित्येक वर्षं भाच्याला विमानतळांवर जास्तीचे प्रश्न विचारले गेले, त्यानं ते निमूटपणे ऐकून घेतले. पण तो म्हणतो की परक्यांचे प्रश्न विसरायला झाले, मामूचा नाही. रागानं नाही म्हणाला. हसतच म्हणाला. त्यामुळे जास्त लागलं.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. ज्यांना बातमीत नेहमी उत्तर द्यावं लागतं, ती माणसं बातमी ऐकताना आधी आरोपीचं नाव ऐकतात. ती सवय आम्हाला नव्वदीच्या दशकानं लावली. दशकाची उजळणी करताना कुणी कपडे दाखवेल, कुणी गाणी, कुणी पहिला मोबाइल. मला विचाराल तर माझं दशक म्हणजे ही सवय. ती कुठल्या कॅमेऱ्यात येत नाही, कारण ती श्वासासारखी आत चालते. आणि ती फक्त आमचीच नाही. लॉस एंजेलिसमधला कोरियन दुकानदार, दिल्लीतला १९८४ नंतरचा शीख, प्रत्येकाच्या घरी ती कधी ना कधी येऊन गेली असणार. आपण बळी होऊ ही भीती एक. आपल्याकडे बोट जाईल ही दुसरी. दुसरी भीती माणसाला लहान करते. ती आपल्याला शेजारच्याचं दुःख धड करू देत नाही.

मालिकेत एक उणीव आहे असं मी आधी म्हणत होतो, की ती जगाकडे अमेरिकेच्या खिडकीतून बघते. ते खरंच आहे. सीएनएननं केलेल्या मालिकेत सीएनएनचा मोठेपणा थोडा जास्त दिसतो, हेही खरं. दशक काही कॅलेंडर बघून सुरू होत नाही. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली, तिथे नव्वदीचं दशक सुरू झालं असं म्हणता येईल, आणि ते संपलं २००१ च्या त्या मंगळवारी. पण एवढं सगळं बोलून झाल्यावरही मी त्या मालिकेचा ऋणी आहे. तिनं माझी दडवलेली गोष्ट माझ्यासमोर ठेवली. चांगली उजळणी हेच करते. पाठ झालेलं पुन्हा म्हणताना आपण कुठे अडखळतो ते कळतं.

भाच्यानं निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर एक फोटो दाखवला. मुलांना घेऊन तो ओक्लाहोमा सिटीला गेला होता. जिथे इमारत होती तिथे आता हिरवळ आहे आणि तिच्यावर १६८ रिकाम्या खुर्च्या आहेत. इमारतीचे नऊ मजले, म्हणून खुर्च्यांच्या नऊ रांगा. जो ज्या मजल्यावर होता, त्याची खुर्ची त्या रांगेत. १९ खुर्च्या लहान आहेत. प्रत्येक खुर्चीवर नाव कोरलेलं आहे. ट्रक कुणी आणला त्याचं नाव खुर्च्यांवर नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला, पण नावं वाचता आली नाहीत. भाच्याला म्हटलं, पुढच्या खेपेला गेलास तर त्या लहान खुर्च्यांवरची नावं मला लिहून पाठव. तो म्हणाला, "मामू, पुढच्या खेपेला तुम्हीच चला."

जाणं होईल की नाही, सांगता येत नाही. पण एक ठरवलं आहे. यापुढे अशी बातमी कानावर आली, तर आधी आपाचा प्रश्न विचारायचा. माझा नंतर. तीस वर्षांची सवय आहे, लगेच जाईल असं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)